समासातला कावळ्याचा पाय

२ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप ताईस,

खर्र.

हा आवाज तुझ्या कानात अजून आहे का? पेन्सिलीचं बूड टेबलावरून ओढलं की व्हायचा तो. स्वल्पविरामाला एक ठोका, पूर्णविरामाला दोन, आणि कवितेची ओळ संपली की खर्र. छापखान्यात तू मूळ हस्तलिखित हातात धरून मोठ्याने वाचायचीस आणि मी समोर छापलेलं कच्चं पान घेऊन त्यावर डोळा ठेवायचो. तू वाचणारी, मी तपासणारा. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या त्या लांबट खोलीत अशा चार जोड्या बसायच्या. एकीकडे भूगोल चालायचा, एकीकडे गणित, आणि त्या गलक्यात तुझा ठोका मला बरोबर ऐकू यायचा. माणूस गर्दीत आपल्या घरचा खोकला ओळखतो ना, तसा.

आज पहाटे झोपेत तो आवाज आला. उठून बसलो. मग कळलं की खालच्या मजल्यावर कोणी तरी खुर्ची सरकवली होती.

इतक्या वर्षांनी पत्र पाहून दचकली असशील. काही वाईट बातमी नाही. तुझी भावजय गेली ते तुला कळलंच होतं. त्यालाही आता चार वर्षं झाली. मी बरा आहे. गुडघे सोडले तर बाकी सगळं जागच्या जागी आहे.

बातमी अशी की मला या वयात नोकरी लागली आहे. हसू नकोस. शाळेच्या जुन्या पुस्तकांतल्या कवितांचा एक मोठा संग्रह निघतो आहे. यंत्राने जुनी पानं वाचून त्यांचा मजकूर तयार केला आहे. मी तो पडद्यावर मूळ पानाशी ताडून पाहायचा. यंत्र वाचतं बरं, पण ठोके देत नाही. रोज सकाळी दहाला संपादिकाबाई पडद्यावर येतात. माझ्या सुनेपेक्षा लहान आहेत, मला काका म्हणतात. त्यांच्याबरोबर आणखी तीन चौकोनांत तीन डोकी असतात. काम कुठूनही केलं तरी चालतं. म्हणून महिनाभरासाठी एका परक्या शहरात खोली घेऊन राहिलो आहे. मुलगा म्हणाला, "बाबा, घरून काम करायचं आहे ना? मग घरातच बसा की." मी म्हटलं, हवापालट.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. एक टेबल, एक खुर्ची, एक खिडकी, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. घरमालकीण निवृत्त नर्स आहेत. माझ्याहून फार तर सात वर्षांनी लहान, पण मला आजोबा म्हणतात. काल त्यांनी विचारलं, "दिवसभर आत करता काय?" मी म्हटलं, कविता वाचतो. "आणि त्याचा पगार देतात? मी पस्तीस वर्षं उगाच लोकांना सुया टोचल्या म्हणायच्या."

जुन्या कविता एकेक करून येताहेत. वर्गात हात मागे बांधून, डोळे छताला लावून म्हटलेल्या. पडद्यावर त्या फार स्वच्छ दिसतात, धुऊन ठेवलेल्या भांड्यांसारख्या. मी हळूच मोठ्याने म्हणतो. ओळ संपली की बोट टेबलावरून ओढतो. बोटाचा आवाज येत नाही.

पत्ता देत नाही. थोड्या दिवसांचा मुक्काम. उत्तराची घाई नाही.

तुझा,
तंद्रीबुवा


७ नोव्हेंबर

ताई,

पाकिटावरचा टपालाचा शिक्का तू वाचला असणारच. तू शिक्का वाचणार नाहीस असं मला वाटलं तरी कसं?

हो, तुझ्याच शहरात आहे. तुझ्या घरापासून अकरा मिनिटांवर. मामेबहिणीकडून पत्ता घेतला आणि मग शहर निवडलं. हवापालट वगैरे मुलाला सांगायचं.

रोज संध्याकाळी काम आटोपलं की तुझ्या गल्लीत येतो. तुझ्या खिडकीच्या बरोबर खाली इस्त्रीवाल्याचं दुकान आहे, तिथे स्टुलावर बसतो. वरून दिसत नाही अशी जागा आहे. पहिल्या दिवशी एक शर्ट नेला. आता शर्ट संपले, कालपासून रुमाल नेतो आहे. तो म्हणाला, "आजोबा, तुमचा रुमाल कालच कडक केला होता. नाक पुसलंत की नाही?"

त्याच्याकडून तुझी हकिकत कळते. आडून विचारलं, वर कोण राहतं? "वाचणाऱ्या बाई," तो म्हणाला. "आंधळ्या मुलांच्या वसतिगृहात पुस्तकं वाचून दाखवायला जातात. त्यांचे मिस्टर घड्याळं दुरुस्त करतात. माणूस बोलत नाही फारसा, पण घड्याळ बोलतं करतो."

म्हणजे तू वाचतेस अजून. 

आईच्या शेवटच्या आजारात तू आली होतीस तेव्हा घड्याळवाले भावोजी बरोबर नव्हते, म्हणून मी त्यांना पाहिलेलं नाही. तू तरी कुठे थांबलीस. दोन तास आईच्या उशाशी बसलीस आणि माझ्या घरचं पाणीही न घेता पुढच्या गाडीने गेलीस. पेला मी स्वतः भरून आणला होता. तू गेल्यावर तो किती तरी वेळ ओट्यावर होता. ओतून टाकायचा कोणाला धीर झाला नाही.

आता मुद्द्याचं. काल एकसष्टावं पान आलं. "दिवेवाला".

तुला आठवतं, आपण त्या कवीला दिवेवाले गुरुजी म्हणायचो. लहानशा शाळेतले मास्तर. आयुष्यात त्यांची एकच कविता पुस्तकात आली. आणि आली ती अशी:

खांबामागुन खांब उजळतो, शिडी सरकते पुढे,
मागे वळुनी पाहत नाही उजेड कोठे पडे,
उशीर झाला म्हणुन न मानी कुणाचाच तो गुन्हा.

तीन ओळी. ते पुस्तक वर्षभर चाललं, पुढच्या वर्षी धडे बदलले, कविता गेली. ज्या मुलांनी ती पाठ केली त्यांनी ही अशीच केली, लंगडी. आणि आता नव्या संग्रहातही ती अशीच चालली आहे.

मी संपादिकाबाईंना म्हटलं, "इथे एक ओळ सुटली आहे."

"काका, तीन ओळींचं कडवं असू शकतं की."

"यमक जुळत नाही."

"हल्ली कुणाचं जुळतं?" शेजारच्या चौकोनातला एक जण म्हणाला आणि बाकीचे हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण छापील पुस्तकात जे नाही ते मी फक्त तुमच्या आठवणीवर कसं घालू? हस्तलिखित आहे?"

नाही. जागा बदलली तेव्हा छापखान्याचे जुने कागद पोत्यांत भरून गेले. गुरुजींना मूलबाळ नव्हतं. मी मागे एकदा त्यांच्या गावी जाऊन आलो होतो. पुतण्या म्हणाला, वह्या होत्या, पण आता नाहीत.

"मग ती ओळ आणखी कोणी ऐकली आहे का?" बाईंनी विचारलं. "दोघांनी सहीनिशी लिहून दिलं तर मी समितीपुढे ठेवते. तीस तारखेला संध्याकाळी पाचला पुस्तक छपाईला जाणार. तोवर."

कोणी ऐकली आहे का. ताई, ऐकणारा मी होतो. म्हणणारी तू.

तंद्रीबुवा


१२ नोव्हेंबर

ताई,

चार दिवस हे पत्र लिहितो आहे आणि फाडतो आहे. नर्सबाई केर काढताना म्हणाल्या, "एवढा कागद तर माझ्या वॉर्डात आठवड्याला लागत नव्हता. प्रेमपत्र आहे का?" मी म्हटलं, बहिणीला आहे. त्या केर भरून गेल्या. थोड्या वेळाने चहा आणून ठेवला, न मागता.

त्या दिवसाचं सगळं लिहितो. तुला ठाऊक आहे, तरी लिहितो. मी कधी तोंडाने म्हटलेलं नाही म्हणून.

पावणेचार वाजले होते. तू "दिवेवाला" वाचायला घेतलीस. ही कविता आपण महिनाभर आधीपासून घोकत होतो. हस्तलिखित आलं त्याच दिवशी तू डबा खाताना ती मला वाचून दाखवली होतीस आणि दुसऱ्या दिवशी ती मला पाठ होती. तपासणाऱ्याला कविता पाठ असू नये. पाठ असली की डोळा पानावर राहत नाही. त्यात तुझा आवाज. मी डोळे मिटले, ताई. पान माझ्यासमोर होतं, त्यावर तीन ओळी होत्या, आणि मी डोळे मिटून चार ऐकत होतो.

एका दारी काळोख उरे, तेथे येई पुन्हा.

ही तू वाचलीस. त्या कडव्याला पेन्सिल चार वेळा ओढलीस. मी चारही ऐकल्या. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. मग मी पानाखाली "तपासले, बरोबर" असं लिहून सही केली.

पुस्तकं शाळांत पोचल्यावर गुरुजी आले. छत्री आडवी मांडीवर घेऊन बाकावर बसले. भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "माझी एकच कविता पुस्तकात आली हो." दुरुस्तीची चिठ्ठी सगळ्या शाळांना पाठवू, असं छापखान्याच्या साहेबांनी त्यांना सांगितलं. ती कधी गेली नाही. दोन वर्षांत गुरुजी गेले.

पण त्या दिवशी गुरुजी छत्री घेऊन बाहेर पडताच साहेबांनी आपल्या दोघांना आत बोलावलं. विचारलं, कोणाचं चुकलं? मी घाबरलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वाचताना राहिली असेल."

तू माझ्याकडे पाहिलंस. फार वेळ नाही. मग साहेबांकडे वळून म्हणालीस, "राहिली असेल."

पुढचं तुला माहीत आहे. महिन्याच्या अखेरीला तुला येऊ नका म्हणून सांगितलं. मी स्वतःची समजूत घातली की ती स्वतः "असेल" म्हणाली, म्हणजे खरंच राहिली असेल. बेचाळीस वर्षं ही समजूत मी रोज सकाळी दाढी करताना घालत आलो आहे.

तू ती ओळ वाचली होतीस. चूक माझी होती. हे आता कागदावर लिहिलं आहे, कोणालाही दाखव.

माझं एक मागणं आहे. ती ओळ तुझ्या अक्षरात लिही, खाली सही कर. मी सही करीन. माझ्यासाठी नाही. बाकावर बसलेल्या त्या माणसासाठी. पत्ता पाकिटाच्या मागे दिला आहे.

तुझा,
तंद्रीबुवा


१७ नोव्हेंबर

ताई,

पाकीट मिळालं. इस्त्रीवाल्याने रुमालाच्या घडीत घालून दिलं. "वरच्या बाईंनी दिलंय. म्हणाल्या, रोज रुमाल घेऊन येतात त्या आजोबांना द्या." म्हणजे वरून दिसत नाही ती जागा वरून दिसते तर.

आत माझंच पत्र निघालं. बारा तारखेचं. तुझा एक शब्द नाही. मी सगळी पानं उलटून पाहिली, पाकीट फाडून आतून पाहिलं. नर्सबाई दारातून म्हणाल्या, "काय हो, पैसे राहिले का आत?"

मग दिवा लावून नीट पाहिलं. पान तिसरं, डावा समास, पेन्सिलीने केलेली एक बारीकशी खूण. मजकुरात काही सुटलं असलं की तिथे करतात ती. नव्या मुलांना तिचं पुस्तकी नाव शिकवायचे, आपण तिला कावळ्याचा पाय म्हणायचो. "अरे तंद्रीबुवा, या पानावर किती कावळे नाचून गेले बघ," असं तू म्हणायचीस.

सगळ्या पत्रात एकच खूण. "विचारलं, कोणाचं चुकलं?" आणि "मी घाबरलो" या दोहोंच्या मधे.

बरोबर तिथे.

तू मोठ्याने वाचलं असणार. मोठ्याने वाचल्याशिवाय तुला ते सापडलं नसतं. डोळ्याने वाचणारा फसतो, वाक्य गुळगुळीत आहे. कानाला मात्र तिथे खळगा लागतो.

आज एवढंच. सुटलेलं भरायला मला दोन दिवस दे.

तंद्रीबुवा


१९ नोव्हेंबर

ताई,

सुटलेला मजकूर असा.

त्या वर्षी आपल्या खोलीत कायम जागा एकच होती. आपण दोघंही रोजंदारीवर. तू माझ्या आधी सहा वर्षं लागलेली, मला तिथे चिकटवलंस तूच. साहेबांनी दोघांपैकी एकाला घ्यायचं ठरवलं होतं हे आपल्याला माहीत होतं, आणि आपण त्यावर कधी बोललो नाही. डबा एकच, उघडायचीस तू, निम्मा करायचीस तू.

ज्या दिवशी गुरुजी आले त्याच दिवशी सकाळी मी साहेबांच्या टेबलाशी एक पान द्यायला गेलो होतो. त्यांच्यापुढे एक कागद होता. माझ्या बाजूने उलटा. छापखान्यातल्या माणसाला उलटं वाचता येतं. छपाईच्या उलट्या खिळ्यांत आयुष्य जातं आपलं. त्यावर वर तुझं नाव होतं आणि नावापुढे बरोबरची खूण. खाली माझं नाव, त्यापुढे काही नाही. सही व्हायची होती.

दिवसभर मी ते तुला सांगितलं नाही. तू माझ्यासमोर बसून भूगोल वाचत होतीस आणि मी तुझ्याकडे पाहून मनात म्हणत होतो, हिला सहा वर्षं जास्त झाली आहेत, हिचा हक्क आहे. हे मी खरंच म्हटलं, ताई. दुपारपर्यंत म्हटलं.

माझं लग्न ठरलं होतं. मुलीकडच्यांनी विचारलं होतं, नोकरी कायम का? मी हो म्हणून बसलो होतो.

मग साहेबांनी विचारलं, कोणाचं चुकलं? मी घाबरलो नाही. घाबरलेला माणूस लगेच बोलतो. मी आधी मोजलं. तो कागद माझ्या डोळ्यांपुढे होता, मी त्यावरची तुझ्या नावापुढची खूण पाहत होतो, आणि मग बोललो. "असेल" हा शब्दही मी निवडून घातला. खोटं म्हणावं तर पुरतं खोटं नाही, असा.

तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा तुला कळलं होतं, हे आज मला समजतं. तूही तो कागद पाहिला असशील. तूही उलटं वाचतेस.

आणि आईला मी सांगितलं की ताईनेच सोडली, तिला तिथे कंटाळा आला होता. आई जाईपर्यंत म्हणत राहिली, "तिला कशातच गोडी लागत नाही." मी ऐकत राहिलो. तू तिच्या उशाशी येऊन बसलीस तेव्हाही तिने तुला तेच म्हटलं, आणि मी पेला भरायला आत गेलो.

तीस वर्षं तुझ्या हक्काच्या जागेवर बसलो. माझ्यासमोर नंतर पाच वाचणारे आले. एकालाही कविता वाचता आली नाही. हे माझं दुःख म्हणून सांगत नाही. शिक्षाही म्हणत नाही; पगार चालू होता, पोराचं शिक्षण झालं, घर झालं. फक्त खोलीत तो आवाज नव्हता.

कवितेवर प्रेम म्हणून मी डोळे मिटले, हे खरं. पण त्याच्या आड मी इतकी वर्षं बसलो, हेही खरं. तंद्रीबुवा हे नाव तू लाडाने ठेवलंस. मी त्याचा पडदा केला.

आता तपासून पाहा. आणखी काही सुटलं असेल तर खूण कर.


३० नोव्हेंबर, संध्याकाळ

ताई,

अकरा दिवस झाले, काही आलं नाही. तुला दोष नाही. उद्या सकाळी निघतो. सामान भरून झालं, टेबल तेवढं राहिलं आहे.

सोमवारी मी पडद्यावरच्या बैठकीत सगळं सांगितलं.  ती ओळ वाचली गेली होती, मी डोळे मिटले होते, नंतर खोटं बोललो आणि माझ्या बहिणीची नोकरी गेली. बोलून झाल्यावर मान खाली घालून बसलो. चारही चौकोन गप्प. मला वाटलं, काय बोलावं ते कोणाला सुचत नसेल.

मग संपादिकाबाई म्हणाल्या, "काका, तुमचा माइक बंद आहे. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा सांगता?"

पहिल्यांदा सांगायला बेचाळीस वर्षं लागली होती, दुसऱ्यांदा दोन मिनिटांत सांगायचं होतं. सांगितलं. यमकावरून हसला होता तो मुलगा चष्मा काढून पुसत राहिला. बाई म्हणाल्या, "माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण समितीचा नियम दोन सह्यांचा आहे. बहिणीला विचारा. मी शेवटच्या मिनिटापर्यंत थांबते."

त्या थांबल्या. आज पाचला पाच कमी असताना पडद्यावर आल्या, माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. पाच वाजता पुस्तक गेलं. "दिवेवाला" पान एकसष्ट, तीन ओळी. खाली एवढंच टाकता आलं: कडवे अपूर्ण असावे. असावे, ताई. माझाच शब्द फिरून माझ्या पुढ्यात आला.

काल तुझ्या गल्लीत गेलो होतो. आता लपायचं काही राहिलं नव्हतं, पण स्टूल तिथेच होतं म्हणून तिथेच बसलो. वरची खिडकी उघडी होती. तू वाचत होतीस. शब्द कळत नव्हते, खाली इस्त्रीची वाफ, रस्त्याचा आवाज. पण आवाज तोच, आणि ठोके. एक. एक. दोन. मी इस्त्रीवाल्याला म्हटलं, वसतिगृहाचं पुस्तक असेल. तो म्हणाला, "नाही हो. गेले दहा-बारा दिवस रोज हेच वाचतात. मधे थांबतात, मिस्टर काही तरी बोलतात, मग पुन्हा पहिल्यापासून. तुमची पत्रं आहेत ती, आजोबा. मीच तर पोचवतो ना वर, टपालवाला माझ्याकडेच ठेवून जातो."

रोज. पुन्हा पहिल्यापासून. मी रुमाल तिथेच विसरून आलो.

तू रागाने वाचतेस का, तपासायला वाचतेस का, मला ठाऊक नाही. विचारणारही नाही. मी लिहिलेलं तुझ्या आवाजात एकदा तरी वाचलं गेलं, एवढं मी घेऊन जातो. गुरुजींसाठी काही करता आलं नाही. त्यांच्या बाकावर मी

दार वाजलं. नर्सबाई चहाचा कप न्यायला आल्या असतील म्हणून उघडून आलो.

ताई, दारात एक उंच, पाठीत वाकलेले गृहस्थ उभे होते. तीन जिने चढून धाप लागली होती. मी यांना कधी पाहिलेलं नव्हतं. पण उजव्या डोळ्याभोवती भिंग धरून धरून पडलेला गोल वळ दिसला आणि ओळखलं. तुझे घड्याळवाले.

मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "ती आली नाही. दुपारपासून तीनदा निघाली, तीनदा जिन्यातून परत आली. मग पाच वाजून गेले. तेव्हा मला म्हणाली, तुम्ही जा."

त्यांनी खिशातून कागद काढला. एका दारी काळोख उरे, तेथे येई पुन्हा. तुझं अक्षर तसंच आहे, थोडं कापरं. खाली डाव्या हाताला "वाचणारी" आणि तुझी सही. उजव्या हाताला "तपासणारा", आणि पुढे मोकळी जागा.

मी म्हटलं, पुस्तक गेलं हो.

"माहीत आहे तिला," ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष टेबलाकडे, या पत्राकडे गेलं. मी उघडं पेन हातात धरूनच दाराशी आलो होतो. "चाललंय का लिहिणं?"

मी म्हटलं, हो, पण राहू दे, आपण आत या.

ते आत आले आणि भिंतीशी बांधून ठेवलेल्या माझ्या वळकटीवर बसले. खुर्चीकडे बोट करून मला म्हणाले, "मी बसतो इथे. मला घाई नाही. तुम्ही आधी ओळ पुरी करा. अर्ध्या ओळीवरून उठायचं नाही, असं तिने बजावून पाठवलंय."